एका सहीमुळे फिरलेली सरपंच निवड: अध्यासी अधिकाऱ्याच्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या पहिल्या सभेचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. दोन पॅनेलना इथे वरची आळी आणि खालची आळी म्हटलं आहे. गावोगावी असंच म्हणतात, त्यामुळे त्यावरून कुणाची ओळख पटणार नाही.

पार्श्वभूमी

१५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं आणि १८ तारखेला मतमोजणी. जनतेतून थेट सरपंच निवडण्याची २०१७ ची तरतूद तेव्हा रद्द झालेली होती. ती २०२२ मध्ये परत आली. मधल्या काळात सरपंच निवडायचा तो निवडून आलेल्या सदस्यांनी, आपल्यातूनच. शिवाय त्या खेपेला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदान उरकल्यावर काढली गेली. त्यामुळे पॅनेल उभं करताना सरपंच कोण होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

या गावात तीन प्रभाग आणि नऊ सदस्य. वरच्या आळीचे पाच निवडून आले, खालच्या आळीचे चार. सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी राखीव निघालं. वरच्या आळीचे पॅनेलप्रमुख स्वतः निवडून आले होते आणि सरपंच होण्याच्या तयारीत होते, त्यांचा दावा तिथेच संपला. त्यांच्या पाचांत तीन महिला होत्या. त्यांतली कोण, यावर आठवडाभर खल चालला आणि एक नाव ठरलं. खालच्या आळीकडे दोन महिला होत्या. त्यांतल्या एकीने उभं राहायचं ठरवलं. संख्याबळ कमी होतं, पण पाचातलं एक मत फुटेल अशी आशा होती. दोन्ही बाजूंनी आपापले सदस्य गावाबाहेर नेऊन ठेवले, हेही नेहमीप्रमाणे झालं. खालच्या आळीचे चौघे महाबळेश्वरला होते.

फेब्रुवारीत सभेची तारीख ठरली. वेळ दुपारी २. जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात अध्यासी अधिकारी, म्हणजे सभा चालवणारा अधिकारी, म्हणून एका मंडल अधिकाऱ्यांची नेमणूक झाली. लोक त्यांना ‘सर्कल साहेब’ म्हणत. कोरोनामुळे अंतर ठेवून बसायचं होतं, म्हणून नोटिशीतच ठिकाण जिल्हा परिषद शाळेचा हॉल असं लिहिलं होतं. हे चांगलं झालं. नोटिशीत कार्यालय लिहून ऐनवेळी सभा शाळेत हलवली असती, तर पहिला आक्षेप तिथेच आला असता.

या पदाची चौकट

गावात त्या दिवशी कुणी सर्कल साहेबांना ‘आजचे हंगामी अध्यक्ष’ म्हणत होतं. कारखान्यावर हंगामी कामगार असतो तसं, हंगाम संपला की काम संपलं. शब्द चपखल आहे, पण विधानसभेचा हंगामी अध्यक्ष आणि ग्रामपंचायतीचा अध्यासी अधिकारी यांत मोठा फरक आहे. तो कळला तरच पुढचे निर्णय समजतात.

विधानसभेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन्ही पदं रिकामी असली, की राज्यघटनेच्या अनुच्छेद १८० प्रमाणे राज्यपाल सभागृहातल्याच एका सदस्याला अध्यक्षाची कर्तव्यं पार पाडायला नेमतात. नव्या सदस्यांना शपथ देण्याचं कामही राज्यपाल अनुच्छेद १८८ खाली त्याच्याकडे सोपवतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये हे पद घराघरात पोचलं. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला आदेश दिला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत शपथविधी उरकावा, लगेच बहुमत चाचणी घ्यावी, मतदान गुप्त नसावं आणि कामकाजाचं थेट प्रक्षेपण व्हावं. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला, सरकार बदललं. २७ ला कालिदास कोळंबकरांनी हंगामी अध्यक्ष म्हणून आमदारांना शपथ दिली. ३० नोव्हेंबरच्या विश्वासदर्शक ठरावाला मात्र दिलीप वळसे-पाटील हंगामी अध्यक्ष होते, आणि हा बदल कशाला, असा आक्षेप विरोधी पक्षाने घेतला. शिरगणतीत ठरावाच्या बाजूने १६९ मतं पडली, विरोधात एकही नाही, चौघे तटस्थ राहिले.

हंगामी अध्यक्ष स्वतः आमदार असतो. अध्यक्षाच्या जागी बसलेल्याला अनुच्छेद १८९ प्रमाणे एरवी मत देता येत नाही, पण समसमान मतं पडली तर निर्णायक मत द्यावं लागतं. सदस्यांतून सरपंच निवडायचा तेव्हा ग्रामपंचायतीचा अध्यासी अधिकारी बाहेरचा असायचा. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या तेव्हाच्या कलम ३३ प्रमाणे तो सभा चालवायचा, पण त्याला मताचा अधिकार नव्हता. समसमान मतं पडली तर त्याच्यासमोर चिठ्ठी काढायची, आणि ती कशी काढायची ते त्याने ठरवायचं. त्या सभेत सरपंच आणि उपसरपंच यांच्या निवडीशिवाय दुसरं कामकाज करायचं नाही. या तीन गोष्टींवर अख्खं पद उभं आहे.

सभापतीचं पद रिकामं पडलं की दर वेळी हंगामी माणूस लागतो असंही नाही. फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर यांची विधान परिषदेच्या सभापतिपदाची कारकीर्द जुलै २०२२ मध्ये संपली. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे निवडून येईपर्यंत उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवलं, कारण उपसभापतीचं पद भरलेलं होतं. थेट निवड नव्हती तेव्हा नव्या ग्रामपंचायतीत मात्र सरपंचही नसायचा आणि उपसरपंचही. म्हणून बाहेरचा माणूस आणावा लागायचा.

पहिला पेच: घड्याळ

नामनिर्देशनपत्र सभेच्या वेळेच्या किमान दोन तास आधी द्यायचं असतं. म्हणजे इथे १२ च्या आत. वरच्या आळीच्या उमेदवाराचा अर्ज १०.४० ला आला. त्यांच्याच प्रमुखांनी उपसरपंचपदासाठी अर्ज दिला. खालच्या आळीची गाडी पसरणी घाटात वाहनांच्या रांगेत अडकली होती. ती शाळेच्या फाटकाशी आली तेव्हा हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळात १२ वाजून २ मिनिटं झाली होती. उमेदवार बाई धावत आत आल्या आणि सरपंचपदाचा त्यांचा आणि उपसरपंचपदाचा आपल्या सहकाऱ्याचा, असे दोन अर्ज टेबलावर ठेवले.

अधिकाऱ्यांच्या मोबाईलवर तेव्हा ११.५८ झाले होते.

शाळेत मुलं वेळेत जमावीत म्हणून गुरुजींनी ते घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवलेलं होतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पण वाद पेटला की माहीत असलेली गोष्टही कुणी कबूल करत नाही. “सायेब, शाळंचं घड्याळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हाय, तुमच्या खिशातलं आमाला कसं दिसणार?” असं वरच्या आळीचे प्रमुख म्हणाले. प्रश्न रास्त होता.

अधिकाऱ्यांसमोर तीन वाटा होत्या. भिंतीवरचं घड्याळ धरायचं आणि अर्ज नाकारायचे. मोबाईलची वेळ धरायची आणि अर्ज घ्यायचे. किंवा गाडी फाटकात कधी आली ते बघायचं. तिसरी वाट त्यांनी लगेच सोडली. अर्ज टेबलावर येतो तीच वेळ खरी, फाटकावरच्या वेळेचा पुरावा कोण देणार? पहिल्या दोन्हींमध्ये त्यांनी मोबाईल निवडला, आणि त्याचं कारण भक्कम होतं: सकाळी अर्ज घ्यायला सुरुवात झाल्याची नोंद त्यांनी मोबाईल बघून केली होती आणि वरच्या आळीच्या अर्जावरची १०.४० ही वेळही मोबाईलचीच होती. ज्या घड्याळाने दार उघडलं त्यानेच ते बंद करायला हवं. त्यांनी ग्रामसेवक, तलाठी आणि दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य यांचे मोबाईल शेजारी ठेवून वेळ ताडून दाखवली, भिंतीवरचं घड्याळ किती पुढे आहे ते लिहून घेतलं आणि त्याखाली सह्या मागितल्या. वरच्या आळीच्या सदस्याने सही नाकारली. ‘सही करण्यास नकार दिला’ असं लिहून पुढचं काम सुरू झालं.

निर्णय बरोबर होता. पण सकाळी १० ला “आज वेळ या घड्याळाची” असं एक वाक्य मोठ्याने म्हटलं असतं, तर हा अर्धा तास वाचला असता. हॉलमध्ये घड्याळ असेल तर ते आधी जुळवून घ्यावं, नाहीतर भिंतीवरून सरळ खाली उतरवून ठेवावं.

छाननी आणि गुप्त मतदानाची मागणी

छाननीत एक आक्षेप आला. खालच्या आळीच्या उमेदवार नागरिकांच्या मागास प्रवर्गातील महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आल्या होत्या. सरपंचपद सर्वसाधारण महिलेचं, मग यांना उभं राहता येईल का? हा आक्षेप टिकणारा नव्हता. पद महिलेसाठी राखीव आहे, आणि कोणत्याही प्रवर्गातली महिला सदस्य त्यासाठी पात्र ठरते. प्रभागातल्या जागेचं आरक्षण आणि पदाचं आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी. अधिकाऱ्यांनी दोन ओळींत कारण लिहून आक्षेप फेटाळला.

दोनला सभा सुरू झाली. नऊच्या नऊ सदस्य हजर. माघार कुणी घेतली नाही. खालच्या आळीच्या एका सदस्याने गुप्त मतदान मागितलं. वरच्या आळीचे पाचही जण म्हणाले, हात वर करून घ्या, बहुमत आमचं आहे. इथे नवखा अधिकारी चुकतो: गुप्त मतदान घ्यायचं की नाही यावरच मत घेतो आणि बहुमताने मागणी फेटाळतो. तसं करता येत नाही. एका सदस्याने मागितलं तरी गुप्त मतदान घ्यावं लागतं. या अधिकाऱ्यांना ते ठाऊक होतं. विधानसभेत २०१९ ला न्यायालयाने गुप्त मतदान नको म्हटलं होतं, तो दाखला त्या दिवशी हॉलमध्ये दिला गेला. पण तो आदेश त्या बहुमत चाचणीपुरता होता. इथे नियम वेगळा.

मुख्य पेच: सही असलेली मतपत्रिका

अधिकाऱ्यांची तयारी चांगली होती. ए-फोर कागदाचे चार सारखे तुकडे, अशा बारा मतपत्रिका सरपंचपदासाठी आणि बारा उपसरपंचपदासाठी. प्रत्येकीच्या मागे त्यांची सही आणि शिक्का. समोरच्या बाजूला दोन नावं, प्रत्येक नावापुढे चौकोन. नऊ वाटायच्या आणि उरलेल्या तीन सगळ्यांसमोर आडवी रेघ मारून रद्द करायच्या. मतदानाचा कोपरा म्हणून शाळेच्या कपाटाचं दार उघडून त्यावर चादर टाकलेली. दोऱ्याने बांधलेलं एकच निळं पेन, म्हणजे शाईवरून कुणी ओळखू नये. मतपेटी म्हणून अंगणवाडीतला स्टीलचा डबा, रिकामा असल्याचं सगळ्यांना उलटा करून दाखवलेला.

मतदानाआधी त्यांनी सूचना वाचून दाखवली आणि इतिवृत्तात लिहून घेतली. तिचं मुख्य वाक्य असं होतं: ‘मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण आढळल्यास सदर मत अवैध ठरविण्यात येईल.’

वाक्य कायद्याच्या भाषेत बरोबर होतं. खुणेचा धाक खराच असतो. कुणी कुणाला मत दिलं हे पडताळायला पॅनेलचे पुढारी सदस्यांना ठरावीक खूण करायला लावतात, चौकोनाच्या बाहेर टिंब, फुलीऐवजी बरोबरची खूण, कागद दोनदा दुमडणं. ते रोखायलाच ही सूचना.

पण वरच्या आळीत एक वयस्कर सदस्या होत्या, सगळे त्यांना काकी म्हणत. काकींना फारसं वाचता येत नव्हतं, सही येत होती. बचत गटाच्या पुस्तकावर, बँकेत, रेशनच्या नोंदीवर, कुठलाही सरकारी कागद पुढे आला की त्या वेळ घेऊन, नीट सही करत. मोठ्या कष्टाने आलेली ती सही होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. ‘ओळख पटेल अशी खूण’ या शब्दांत आपली सही येते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कागदावर सही केली नाही तर तो चालणार नाही, एवढंच त्यांना इतक्या वर्षांत शिकवलं गेलं होतं.

मोजणीत चार मतं खालच्या आळीला पडली. चार वरच्या आळीला. नववी मतपत्रिका उघडली तर वरच्या आळीच्या नावापुढे ठळक फुली आणि खाली सही.

अधिकाऱ्यांनी इथे एक गोष्ट फार नीट केली. त्यांनी सही वाचून दाखवली नाही. अंगठ्याने नाव झाकून, खाली सहीसारखी खूण आहे एवढं दोन्ही उमेदवारांना दाखवलं. कुणी कुणाला मत दिलं ते उघड करणं म्हणजे ज्या गुप्ततेसाठी मत बाद करायचं तीच मोडणं. गावाने तर्क केलाच, पण तो अधिकाऱ्यांच्या तोंडून झाला नाही.

आता तीन पर्याय होते.

मत धरायचं. कुणाला दिलं हे स्पष्ट आहे, फुली चौकोनाच्या आत आहे, शंका नाही. ५ विरुद्ध ४, निवड संपली. वरच्या आळीचं म्हणणं हेच होतं, आणि माणुसकीच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. अडचण अशी की सूचना आधीच वाचलेली आणि लिहिलेली होती. ती एका मतापुरती शिथिल केली असती, तर खालच्या आळीला तिथेच आक्षेपाचा पुरावा मिळाला असता.

मतदान पुन्हा घ्यायचं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण आठ मतं उघडली गेली होती आणि बलाबल कळलं होतं. कुणाच्या मताने पारडं झुकणार हे कळल्यावर घेतलेलं मतदान पहिल्याइतकं मोकळं राहत नाही. शिवाय पहिलं मतदान कुणी रद्द केलं, कोणत्या अधिकारात, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

मत बाद करायचं. ४ विरुद्ध ४, आणि चिठ्ठी.

त्यांनी तिसरा पर्याय घेतला. ‘मतदानापूर्वी वाचून दाखविलेल्या सूचनेनुसार’ असं कारण लिहिलं आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात घालून लाखेने बंद केली. पाकिटावर दोन्ही उमेदवारांच्या सह्या घेतल्या. हा निर्णय बरोबर होता असं आम्ही मानतो. पण तो बरोबर ठरला तो आधी वाचलेल्या सूचनेमुळे. आणि मत गेलं तेही त्याच सूचनेच्या भाषेमुळे.

चिठ्ठी

दोन चिठ्ठ्या, एकाच कागदाच्या, एकाच पेनाने लिहिलेल्या, सारख्या चार घड्यांच्या. दोन्ही उमेदवारांनी आपापलं नाव तपासलं. घड्या अधिकाऱ्यांनी घातल्या. डबा तोच, पुन्हा उलटा करून दाखवलेला. आवारात उभ्या असलेल्या पाचवीतल्या एका मुलीला बोलावलं. तिने वर बघत हात घातला.

तिने हात घालण्याआधी खालच्या आळीच्या एका सदस्याने विचारलं, “निघंल त्यो जिकला का निघंल त्यो हारला?” सुदैवाने हा प्रश्न आला. अधिकाऱ्यांनी जाहीर केलं: जिचं नाव निघेल ती निवडून आली. ते इतिवृत्तात लिहिलं आणि मगच मुलीला हात घालायला सांगितलं. हा प्रश्न क्षुल्लक नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात राज्यसभेच्या जागेसाठी ३४ विरुद्ध ३४ अशी बरोबरी झाली. तिथे ज्यांची चिठ्ठी निघाली ते अभिषेक मनू सिंघवी हरले आणि हर्ष महाजन निवडून आले. तो वाद पुढे उच्च न्यायालयात गेला. मुंबईत २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये बरोबरी झाल्यावर मात्र ज्यांची चिठ्ठी निघाली ते अतुल शाह विजयी झाले होते. चिठ्ठीचा अर्थ चिठ्ठी निघण्याआधी सांगितलेला आणि लिहिलेला असावा, नाहीतर हरलेला पक्ष उलटा अर्थ लावणारच.

नाव खालच्या आळीच्या उमेदवाराचं निघालं.

उपसरपंचाचं मतदान आणि शेवटची पाच मिनिटं

उपसरपंचपदासाठीही गुप्त मतदान मागितलं गेलं. या वेळी अधिकाऱ्यांनी सूचना वाचली नाही, दाखवली. एक रद्द मतपत्रिका हातात धरून म्हणाले, “इथं फक्त एक फुली. सही करायची नाही. अंगठा उठवायचा नाही. नाव लिहायचं नाही. वरचं नाव यांचं, खालचं त्यांचं.” मग कागद दुमडून दाखवला.

नऊच्या नऊ मतं वैध पडली. ५ विरुद्ध ४, वरच्या आळीचे प्रमुख उपसरपंच झाले.

दोन मतदानांमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर होतं. सदस्य तेच, पेन तेच, कपाटाचं दार तेच. बदललं होतं ते फक्त सांगणं.

निकाल जाहीर झाल्यावर हार-गुलाल सुरू झाला. नव्या सरपंचांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, सगळे जमलेच आहेत तर बँकेच्या सहीच्या बदलाचा ठराव करून टाकू. पाणीपुरवठ्याच्या थकीत वीजबिलाचा विषयही निघाला. अधिकाऱ्यांनी नकार दिला. कलम ३३ प्रमाणे या सभेत दुसरं कामकाज करता येत नाही, पुढची सभा सरपंचांनी बोलवावी. कुणाला ते आडमुठेपणाचं वाटलं. पण ग्रामपंचायतीची पाच वर्षांची मुदत याच पहिल्या सभेपासून मोजली जाते, आणि अशा सभेच्या इतिवृत्तात एक जरी भलता ठराव घुसला तरी निवडीच्या नोंदीवर बोट ठेवायला जागा मिळते.

त्याच हॉलमध्ये, त्याच संध्याकाळी इतिवृत्त वाचून दाखवून सह्या घेतल्या. पाच वेगवेगळ्या नोंदींपुढे वेळ टाकलेली होती: अर्ज, छाननी, मतदानाची सूचना, मत बाद केल्याचं कारण, चिठ्ठीआधीची घोषणा.

निकाल

वरच्या आळीने जिल्हाधिकाऱ्यांकडे निवडीविरुद्ध वाद दाखल केला. मुद्दे तीन: मुदतीनंतर घेतलेला अर्ज, अपात्र उमेदवार, आणि चुकीने बाद केलेलं मत. तिसऱ्या मुद्द्यात दुसऱ्या मतदानाचा दाखला होता: नीट सांगितल्यावर एकही मत बाद झालं नाही, म्हणजे आधी नीट सांगितलं नव्हतं. वकिलाने हा मुद्दा चांगला मांडला होता.

वाद फेटाळला गेला. घड्याळाची नोंद आणि ताडून पाहिलेल्या वेळा यांमुळे पहिला मुद्दा गेला. दुसऱ्यात दम नव्हता. तिसऱ्याबाबत, सूचना मतदानाआधी सगळ्यांसमोर वाचली होती आणि तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती, ही नोंद निर्णायक ठरली. पुण्याला विभागीय आयुक्तांकडे अपील करण्याचा मार्ग होता, वरच्या आळीने तो घेतला नाही. सरपंच खालच्या आळीच्या, उपसरपंच वरच्या आळीचे, असा कारभार सुरू झाला.

काकी पुढचे काही महिने मासिक सभेला आल्या नाहीत. त्यांना कुणी उघडपणे बोललं नव्हतं. तरी पॅनेलचं सरपंचपद आपल्यामुळे गेलं, हे ओझं त्यांच्यावर बसलं ते बसलंच. कायद्याच्या कसोटीवर सभा टिकली. पण पाच सदस्यांच्या पॅनेलचा कौल एका समजुतीच्या चुकीने बाजूला पडला, हे या प्रकरणातलं खरं नुकसान आहे, आणि ते टाळता येण्यासारखं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

घड्याळाचं वर आलंच आहे. बाकी बाबी अशा.

सूचना लिहिताना कायद्याची भाषा इतिवृत्तासाठी ठेवावी आणि बोलताना क्रियापदं वापरावीत: सही करू नका, अंगठा उठवू नका, नाव लिहू नका. ‘अवैध’ ऐवजी ‘मत वाया जाईल’ म्हणावं. मग रद्द मतपत्रिकेवर एकदा फुली मारून, दुमडून, डब्यात टाकून दाखवावं. त्यासाठी उमेदवारांची नावं नसलेला नमुना वापरावा, खऱ्या नावापुढे फुली मारून दाखवली की तोच प्रचार ठरतो. या अधिकाऱ्यांनी दुसऱ्या वेळी खऱ्या नावांची रद्द मतपत्रिका हातात धरली होती. फुली मारली नाही म्हणून निभावलं.

वाचता न येणाऱ्या सदस्याला मदत कशी करायची हे मतदान सुरू होण्याआधी ठरवावं. कपाटामागे जाऊन कुणी सांगणं म्हणजे गुप्तता संपली. नावांचा क्रम सगळ्यांना दोन-तीनदा सांगणं आणि दोन नावांमध्ये ठळक आडवी रेघ मारणं एवढं पुरतं. मतपत्रिकेवर फुलीचा चौकोन मोठा ठेवावा आणि खाली मोकळी जागा ठेवूच नये. या मतपत्रिकेवर खाली दोन बोटं कोरी जागा होती. सरकारी कागदाच्या तळाशी कोरी जागा दिसली की सही करावी असंच वाटतं. कागद आखतानाच ती काढून टाकता आली असती.

पुढाऱ्यांच्या खुणांचा बंदोबस्त आणि अजाण सदस्याची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सूचनेत वेगळं सांगता येतं. सही असलेलं मत बादच धरावं लागणार असेल, तर ते टाळण्याची जबाबदारी आधी अधिकाऱ्याची आणि मग सदस्याची. सदस्य पाच वर्षं राहणार असतो. अधिकाऱ्याकडे फक्त ती दुपार असते.

चिठ्ठीच्या घोषणेसाठी आधीच टाईप केलेला कागद जवळ असावा, कारण ४-४ झाल्यावर हॉलमध्ये जो आवाज चढतो त्यात सुचत नाही. या सभेतला प्रश्न एका सदस्याला सुचला म्हणून निभावलं. कागदावर एवढं पुरे:

“दोन्ही उमेदवारांना समान मतं मिळाली आहेत. आता चिठ्ठी काढली जाईल. दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या उमेदवारांनी पाहिल्या आहेत. डब्यातून एकच चिठ्ठी काढली जाईल. जे नाव निघेल, ते निवडून आले असे जाहीर करण्यात येईल. याबद्दल कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी. वेळ ... वाजून ... मिनिटे.”